भोपाळचा फोन

पायलटच्या वैद्यकीय तपासणीसाठी आलेली मुलगी आणि तिची आई मनीषनगरच्या दवाखान्यात माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

"आई, लायसन मिळून दीड वर्ष झालं. एकही कंपनी घेत नाही. माझ्यातच काहीतरी कमी असंल."

"तसं नको म्हणू वं, संघमित्रा. एक फोन आला होता."

"कोणाचा?"

"तू मुलाखत दिली होती ना, त्या भोपाळच्या कंपनीचा. तू आंघोळीले गेली होती, तुझा फोन मीच उचलला. पोरीची निवड झाली, सोमवारी पाठवा म्हणे."

"कधी?"

"होळीच्या आधी."

"आता दिवाळी आली, आई! तू काय सांगितलं त्यायले?"

"खोटंच सांगितलं, पोरीचं लग्न ठरलं, आता ती विमान नाही चालवणार."

"काहून?"

"त्या दिवशी टीव्हीवर एक जळालेलं विमान दाखवून राहिले होते. मले त्याच्यात तूच दिसून राहिली होती."

"मी रोज रडत होती. तू जवळ बसून माझे डोळे पुसत होती."

"पाहवलं नाही म्हणूनच काल त्यायले फोन लावला. जागा भरली म्हणे."

"संघमित्रा मेश्राम!" नर्सनं आवाज दिला.

"चल, मीबी येते."

"नको. तू इथंच बस. आणि माझा फोन दे माझ्याजवळ."