खोट्याचा सराव

आर्डिथ: …आणि चेंडू वर गेला तो गेलाच. छताच्या दिव्याला लागला, दिवा फुटला, आणि चेंडू खाली आला तो उजेड सोबत घेऊनच बास्केटमध्ये. गव्हर्नर उठून उभा राहिला. त्याची टोपी...

रेने: आई, मागच्या वेळी गव्हर्नर नव्हता. कबूतर होतं.

आर्डिथ: कबूतर गव्हर्नरच्या टोपीवर बसलं होतं.

रेने: तू गार्ड होतीस. तेव्हाच्या सहा-सहा पोरींच्या बास्केटबॉलमध्ये गार्डला मधली रेघ ओलांडता यायची नाही. चेंडू दोनदा आपटायचा आणि पलीकडच्या पोरींना देऊन टाकायचा. अख्ख्या जन्मात तू मॅचमध्ये एक शॉट मारला नाहीस. शाळेत असताना मीही गार्डच, मीही नाही मारला.

आर्डिथ: मी कुठे म्हटलं रेघ ओलांडली? अलीकडूनच मारला.

रेने: बरं. टीव्ही बंद करू का? माझं काम आहे तुझ्याकडे.

आर्डिथ: ते तू दारात बूट झटकलेस तेव्हाच कळलं. उद्या मॅच आणि आज तू इथे? तू तर रविवारची बाई. कोण गेलं?

रेने: कुणी नाही. मला खोटं बोलायला शिकव.

आर्डिथ: काय?

रेने: खोटं. एकच. उद्या संध्याकाळपर्यंत यायला हवं.

आर्डिथ: अगं, तुला चौसष्टावं चालू आहे. बाकीच्या पोरी बोलायला लागल्या की लगेच शिकतात ते. तुला तेव्हाही जमलं नाही. दुधाची किटली सांडलीस आणि मी विचारायच्या आधी माझ्यापुढे येऊन उभी. थोबाड असं, जणू बँक लुटलीस. मी तेव्हाच तुझ्या बाबांना म्हटलं, ही पोर आपली नाही, दवाखान्यात अदलाबदल झालीय.

रेने: आई, मला काढलं.

आर्डिथ: कुठून?

रेने: कुठून म्हणजे? एकाच कॉलेजात कोच आहे मी आयुष्यभर.

आर्डिथ: कोणी काढलं?

रेने: केसलरनं. खेळांचा तो नवा साहेब. काल बोलावलं, दार लावून घेतलं, पाणी विचारलं. पाणी विचारलं तेव्हाच समजले.

आर्डिथ: तो चकचकीत बुटांचा? ज्याला मी सांगितलं होतं, की तुझ्या पहिल्या टीमची गाडी बर्फात रुतली तेव्हा पोरींनी ती खांद्यावर उचलून पुढच्या गावापर्यंत नेली?

रेने: तोच. त्यानं ते कॉलेजच्या मासिकात छापलं.

आर्डिथ: बिचारा. पण गाडी रुतली होती.

रेने: रुतली होती. मीच चालवत होते. गाडी मीच चालवायची, कपडे मीच धुवायचे, आणि पोरांच्या टीमला दिवसभर हॉल लागायचा म्हणून आमची प्रॅक्टिस पहाटे. पोरींच्या तोंडातून वाफ निघायची. ते त्यानं नाही छापलं.

आर्डिथ: ते मी सांगितलं नव्हतं. त्यात काय मजा?

रेने: चार वर्षं हरतोय आम्ही. त्याचंही चूक नाही. पोरी टिकत नाहीत. हल्ली सीझन संपला की नाव नोंदवायचं आणि दुसऱ्या कॉलेजात निघून जायचं. दोन वर्षं घासूनपुसून तयार करावी, आणि मोठ्या कॉलेजनं अलगद उचलून न्यावी.

आर्डिथ: ती उंच पोरगी गेली, कोपरं मारणारी, तिला थांबवलंस तरी का?

रेने: तिनं विचारलं, जाऊ का. मी म्हटलं, जा, तिकडे तुझा खेळ जास्त सुधारेल.

आर्डिथ: देवा! का म्हटलंस?

रेने: खरं होतं ते.

आर्डिथ: हेच तुझं. टीमसाठी पोरी मागायला लोकांच्या घरी जायचं, स्वयंपाकघरात बसायचं, त्या आईनं खपून केलेला केक खायचा, आणि तोंडावर सांगायचं, तुमची पोर दोन वर्षं राखीव म्हणून बाकावर बसेल. बाकीचे कोच चंद्र आणून द्यायचं वचन देऊन जायचे.

रेने: बसायच्याच की त्या बाकावर.

आर्डिथ: बसायच्या. बरं, मग आता खोटं कशाला हवंय? काढलं तर काढलं म्हण. माईक घे आणि त्याच्या बुटांवर थुंक. मला पुढे बसव, मीही थुंकते.

रेने: शॉन्डासाठी.

आर्डिथ: तुझी मदतनीस? ती दोन लेकरांची?

रेने: माझ्याच हाताखाली खेळली, अकरा वर्षं माझ्या शेजारी बसतेय. केसलर म्हणाला, उद्याची घरची शेवटची मॅच झाली की मैदानाच्या मध्यावर उभं राहायचं, फुलं घ्यायची, आणि सांगायचं की मी माझ्या मर्जीनं थांबतेय. मग खुर्ची शॉन्डाला. मी तमाशा केला, तर ते बाहेरचा माणूस आणणार. तो आपली माणसं आणणार. शॉन्डा घरी.

आर्डिथ: तिला माहितीय?

रेने: नाही. आणि कळता कामा नये. कळलं तर ती नकार देईल. माझ्याकडे शिकलीय ना.

आर्डिथ: म्हणजे अख्ख्या गावासमोर. शॉन्डासमोर. रेडिओवर.

रेने: आणि मला येत नाही, आई. काल रात्री आरशासमोर केलं. माझा मलाच राग आला. वृद्धाश्रमाची ती येसेनिया तुला जेवायला न्यायला कधी येते?

आर्डिथ: पाचला. शुक्रवारी मासे, तेव्हा पळतच येते. त्यांना वाटतं म्हातारीला मासे आवडतात. मी सांगितलंय की मी लहानपणी नदीतला मासा दातानं पकडला होता.

रेने: इथे कुणी तरी तुझं काही खरं मानतं का?

आर्डिथ: कुणी नाही. मागच्या महिन्यात मी ओरडले, आग लागलीय, आग! सगळे पत्ते खेळत बसले.

रेने: लागली होती?

आर्डिथ: टोस्टरला. पडदा गेला. असो. उभी राहा. तिकडे, खिडकीपाशी. म्हण.

रेने: “आपण सर्वांनी इतकी वर्षं जो पाठिंबा दिलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. खूप विचार करून मी असा निर्णय घेतला आहे की...”

आर्डिथ: थांब. हा निर्णय घेतेयस की पोलिसांत जबाब देतेयस?

रेने: केसलरनं लिहून दिलंय.

आर्डिथ: ते कागदाचं भेंडोळं माशांच्या ताटात टाक. तुझ्या शब्दांत बोल. आणि हात खिशातून काढ.

रेने: “मी थांबतेय. तब्येत पहिल्यासारखी नाही. तरुणांना संधी मिळायला हवी. शिवाय प्रवास आता...”

आर्डिथ: किती कारणं! अगं, खरं बोलणारा माणूस कधी तीन कारणं देतो का? बाजारात चोरीचं जनावर विकणारा देतो. एकच दे.

रेने: “माझी आई आता म्हातारी झालीय. मला तिच्याजवळ...”

आर्डिथ: ए! माझ्या नावावर नाही खपवायचं.

रेने: एक कारण दे म्हणालीस.

आर्डिथ: ते कोण मानेल? येतेस रविवारी दोन तास. त्यातला एक तास बाहेर गाडीत बसून मॅचची रेकॉर्डिंग बघतेस. खिडकीतून दिसतं मला.

रेने: टोमणे नकोत आज.

आर्डिथ: टोमणा नाही मारला गं. तू गाडीत आहेस एवढं दिसलं तरी बरं वाटतं. मी इथल्या बायकांना सांगते, बाहेर माझा अंगरक्षक आहे.

रेने: पुढे सांग. कसं करायचं.

आर्डिथ: हे बघ. खोट्याच्या पोटात एक खरी गोष्ट लागते. छोटी. आणि जरा दुखणारी. तिच्या जोरावर बाकीचं चालतं. नुसतं खोटं पहिल्याच पायरीवर आपटतं.

रेने: तुझ्या शॉटमध्ये काय खरं आहे?

आर्डिथ: कुठल्या?

रेने: दिवा, गव्हर्नर, कबूतर. मी जन्मल्यापासून ऐकतेय. त्यात खरं काय?

आर्डिथ: बाबा दारात उभे होते.

रेने: आजोबा? ते तर कधी मॅचला...

आर्डिथ: कधीच नाही. पोरींनी चड्ड्या घालून धावणं त्यांना पसंत नव्हतं. पण त्या दिवशी आले. गोठ्यातल्या बुटांनीच. आत नाही आले, दारातच उभे. मी पाहिलं, त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. तेवढंच. मग हरलो आम्ही. घरी जाताना गाडीत एक शब्द नाही बोलले.

रेने: हे तू कधी सांगितलं नाहीस.

आर्डिथ: त्यात दिवा फुटत नाही. चल, तुझं काढ. ह्या वर्षीचं काहीतरी. खरं आणि छोटं.

रेने: काही नाही माझ्याकडे. सकाळी जाते, शिट्टी वाजवते, घरी येते.

आर्डिथ: दुखलेलं काहीतरी असेल.

रेने: …बारा नंबरची पोरगी आहे. ब्रिन. पहिल्या वर्षाची.

आर्डिथ: लोरीची मुलगी? लोरी तुझ्याकडेच होती ना, दात पडलेली?

रेने: तीच. ब्रिन धावते तशीच. डावा खांदा आधी पुढे. जानेवारीत एका मॅचमध्ये टाइमआउट घेतला, पोरी भोवती जमल्या, आणि मी तिला सांगत होते, लोरी, त्या कोपऱ्यातून तिला आत येऊ देऊ नकोस. लोरी, पाय हलव. लोरी, बघ इकडे. तीनदा म्हटलं असेन. मला कळलंच नाही.

आर्डिथ: मग?

रेने: मग शॉन्डानं माझी बाही ओढली. पण ती पोर काही बोलली नाही, आई. “हो कोच” म्हणाली. आईच्या नावानं ओ दिली आणि जाऊन नीट तेच केलं.

आर्डिथ: हं. हे घे. हेच.

रेने: हे कसं?

आर्डिथ: जसं मला सांगितलंस तसंच सांग. आणि शेवटी एवढंच म्हण, त्या दिवशी मला कळलं की आता पुरे. बस. बाकी काही नाही.

रेने: पण तसं नव्हतं.

आर्डिथ: काय नव्हतं?

रेने: मला पुरे वगैरे वाटलं नाही. उलट घरी जाताना गाडीत मी हसत होते एकटीच. मला वाटलं, हिचीही पोरगी होईल एक दिवस. तीही डावा खांदा पुढे काढून धावेल. तिलाही मीच ओरडेन. मी हिशोब करत होते, तेव्हा माझं वय किती असेल.

आर्डिथ: किती आलं?

रेने: तुझ्याएवढं.

आर्डिथ: …इकडे ये. बस जरा.

रेने: नको. बसले तर उठणार नाही. परत म्हणून बघते.

येसेनिया: आजी, चला चला, मासे गार होतील. अय्या, कोच! आज शुक्रवारी? सगळं ठीक ना? उद्या मी येणार आहे बरं का, माझ्या बहिणीची सगळी पोरं घेऊन, आणि आजींची चाकांची खुर्ची मीच ढकलणार, तिकडचा उतार फार वाईट आहे...

आर्डिथ: येसेनिया, थांब. हिला काहीतरी सांगायचंय. सांग गं.

रेने: आई, आत्ता नको.

आर्डिथ: हिच्या कानांकडे बघ, डोळ्यांकडे नको. सांग.

रेने: येसेनिया, मी... उद्याची मॅच माझी शेवटची.

येसेनिया: म्हणजे?

रेने: थांबतेय मी. जानेवारीत एक मॅच होती. माझ्याकडे एक पोरगी आहे, तिची आईही माझ्याकडेच खेळायची. मी तिला सगळ्यांसमोर आईच्या नावानं हाका मारत राहिले. आणि ती पोर गपचूप ओ देत राहिली. मला वाईट वाटू नये म्हणून. त्या दिवशी मला कळलं, की आता पुरे.

येसेनिया: …अगंबाई. कोच. काय बोलू मी आता? रडवलंत की.

रेने: रडायचं काही नाही. माझ्याच मनानं ठरवलं.

येसेनिया: नाही, बरोबर केलंत. माणसाला स्वतःहून कळावं कधी थांबायचं. माझ्या वडिलांना नाही कळलं, मांसाच्या कारखान्यात बोटं गेली तेव्हा थांबले. तुम्ही हसतखेळत निघालात. फार बरं झालं.

आर्डिथ: खोटं आहे गं ते.

रेने: आई!

आर्डिथ: काढलंय हिला. काल बोलावून, दार लावून, पाणी विचारून. हिला मरेपर्यंत तिथे शिट्टी वाजवायची होती. माझ्यासारखी खुर्चीत बसून वाजवली असती. हिच्या हाताखालच्या पोरीची नोकरी वाचावी म्हणून ही असं सांगतेय. माझी लेक आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली, आणि तेही दुसऱ्या कुणासाठी.

येसेनिया: झालं तुमचं सुरू! आजी, तुम्ही म्हणजे ना! परवा म्हणे तुमच्या नवऱ्यानं चक्रीवादळाला दोर बांधला. आता म्हणे कोचना काढलं! कोच, कसं सहन केलंत हो इतकी वर्षं? थांबा, मी खुर्चीच्या उशीचं दुसरं कव्हर घेऊन येते, हे ओलं झालंय. आलेच!

(येसेनिया हसत बाहेर जाते.)

रेने: तुझं डोकं फिरलंय का? तिनं खरं मानलं असतं तर?

आर्डिथ: मानलं का?

रेने: नाही.

आर्डिथ: तुझं मानलं. माझं नाही. तू शिकलीस, झालं.

(रेने खिडकीच्या काचेवर कपाळ टेकवते.)

आर्डिथ: अशी काचेवर कपाळ टेकवून उभी राहू नकोस. डाग पडतो, मग मला बोलतात.

रेने: कुणीतरी मोठ्यानं म्हटलं ना, की काढलं. बरं वाटलं. का ते माहीत नाही.

आर्डिथ: उद्याही म्हणेन. तू फुलं घेतलीस, तुझं सांगून झालं, लोक टाळ्या वाजवायला लागले, की मी माझ्या खुर्चीतून म्हणेन. सगळे हसतील. केसलरही हसेल.

रेने: शॉन्डा पण हसेल.

आर्डिथ: हसू दे. म्हणू ना?

रेने: म्हण. पण मोठ्यानं म्हण, आई. मागच्या बाकांपर्यंत पोचू दे.