बुधवारची गाडी

— नाही नाही, तसं नाही दादा, आधी तो कागद सरळ धरा. हां. हा वरचा आकडा, कार्बन मोनॉक्साइड, हा असायला हवा अर्ध्या टक्क्याच्या आत आणि आलाय चार पॉइंट दोन, म्हणजे काठावर बिठावर नाही, साफ नापास. मला नका शिकवू रिपोर्ट कसा वाचायचा, एकतीस वर्षं इस्पितळाच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलंय मी. आणि हा रिपोर्ट सांगतोय की हिच्या पोटात काहीतरी बिघडलंय, तर पोट उघडा ना! सेन्सर बदललात, बदललात की नाही? एअर फिल्टर बदललात. तरी दुसऱ्यांदा नापास. आता शुक्रवारी पीयूसीची तिसरी चाचणी, आणि मुलाने सांगून ठेवलंय — आई, तिसऱ्यांदा नापास झाली की मी तिला भंगारात देणार, वाद घालायचा नाही. आणि तो देतो हो, नुसता बोलत नाही, माझं शिवणयंत्र दिलं त्याने असंच, मी आंघोळीला गेले होते तेव्हा. बाहेर येऊन बघते तर कोपरा रिकामा. म्हणाला, किती जागा झाली बघ!

हसू नका. म्हणजे हसा, सगळेच हसतात — म्हातारी आणि लाल रंगाची दोन सीटची स्पोर्ट्स कार, टप खाली करते, स्कार्फ बांधते! अहो, आमच्या लॅबचे मोठे डॉक्टर परदेशी गेले तेव्हा कुणी घेईना ती, मी म्हटलं मी घेते, आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी चालवत घरी आणली. अकरा वर्षं झाली. माझ्या नावावरची आयुष्यात ही एकच वस्तू आहे — म्हणून म्हणते, नीट बघा. हा काय, प्लग? काळा आहे. दिसतंय मला, चष्मा आहे की डोळ्यावर. चारही काळे? काजळी... बरं मग? किती चालवते म्हणजे? भरपूर चालवते. दर बुधवारी. तळ्यापर्यंत जाते, तिथे मैत्रिणी भेटतात, चहा, गप्पा, परत — चाळीसेक किलोमीटर सहज. हो, जोरात चालवते, मी काय बैलगाडी हाकते की काय?

काय शोधताय आता त्या कप्प्यात? जुनी सर्टिफिकेटं कशाला, ती झाली की... हं. मागच्या वर्षीचं रीडिंग. आणि आजचं. बरोबर आहे तुमची वजाबाकी. सत्तर किलोमीटर. वर्षाचे सत्तर.

तुम्हाला एक सांगते. लॅबमध्ये माणसं यायची साखर तपासायला. मी विचारायची, उपाशीपोटी आलात ना? हो हो बाई, अगदी पाण्याचा घोटसुद्धा नाही! आणि सुई टोचून नमुना लावला की कळायचं, दोन कप चहा आणि वर बिस्किटं. मी म्हणायची, काका, तोंड काहीही बोलेल, रक्त बोलत नाही खोटं. काय हसायचो आम्ही चौघी! लॅबमधल्या चौघी — मोठ्या बाई, टपाल, बुटकी आणि मी. टपाल म्हणजे तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, सकाळी कळलेलं दुपारपर्यंत सगळ्या वॉर्डांत पोचलेलं. निवृत्त झाल्यावर ही गाडी आली, पण सीट दोन, मग दर बुधवारी एकीचा नंबर, आणि नंबरावरून भांडणं — पन्नाशी-साठीच्या बायका, शाळेतल्या पोरींसारख्या! तेव्हा चालायची हो गाडी. तेव्हाची सर्टिफिकेटं बघा ना, ती पण आहेत त्यात.

मग मोठ्या बाई गेल्या. टपाल लेकीकडे राहायला गेली, लांब, आणि जिला गप्प बसणं माहीत नव्हतं ती आता फोनवर म्हणते, बरं आहे, ठेवू? राहिली बुटकी. तर दर बुधवारी बुटकी. दोन वर्षांपूर्वी एका बुधवारी मी तिची बेल वाजवली, तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, कोण हवंय आपल्याला? मी म्हटलं, माफ करा, घर चुकलं. आणि खाली येऊन गाडीत बसले.

आता घरी तर जाता येईना. का म्हणजे? सूनबाई आदल्याच आठवड्यात बहिणीशी फोनवर बोलत होती — बुधवारी घर कसं मोकळं वाटतं गं. वाईट मनाने नाही बोलली, गुणाची पोर आहे, माझ्या गोळ्या वेळेवर देते. पण कानावर पडलं ते पडलं. मग वाचनालयाच्या मागे ती भिंत आहे ना, जिथे कुणी येत नाही, तिथे गाडी लावली आणि बसले दोन तास. पुढच्या बुधवारी पण. मग दर बुधवारी. घरून निघायचं, दोन वळणं, भिंत. स्कार्फ मात्र बांधते, खिडकीतून बघतात ना.

इंजिन चालूच ठेवते, हो. एकदा बंद केलं तर परत सुरू होईना, दोन परक्या माणसांनी ढकलली, एकाने विचारलं, आजी, इथे काय करत होतात? तेव्हापासून बंद करत नाही. आधी सांगायला हवं होतं म्हणता — सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, कुठे बंद पडली? असे बघू नका माझ्याकडे. टप उघडा असतो आणि कार्बन मोनॉक्साइड म्हणजे काय ते मला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तसलं काही नाही. मी नुसती बसते. रेडिओ लावते. कधी कधी बोलते पण, बाजूच्या सीटशी... जाऊ दे.

तर आजार कळला तुम्हाला. गाडीत दोष नाही — उभ्या उभ्या जळते म्हणून काजळी, आणि सायलेन्सरच्या वरचा तो कन्व्हर्टर तापतच नाही, तापला नाही तर धूर गाळत नाही. आणि उपाय? नवे प्लग, नवं ऑइल, आणि शुक्रवारी अर्धा-पाऊण तास मोठ्या रस्त्यावर जोरात पळवायची, मधे बंद न करता थेट चाचणीला. एवढंच? पण पाऊण तास कुठे जाऊ मी, दादा? रस्त्याला काय धाड भरलीय, रस्ता आहे, पण माणसाला कुठेतरी पोचायला नको? तुम्ही पळवून आणता? उपकार होतील. शुक्रवारचं निभेल. आणि त्याच्या पुढच्या बुधवारी?

थांबा, फोन. मुलगा आहे. — हं, बोल रे. गॅरेजमध्येच आहे. बघितली त्यांनी. हो... हो... तुला कशाला, मी सांगते ना घरी आल्यावर... बरं बरं, ओरडू नकोस, देते.

तुमच्याशी बोलायचंय म्हणतोय. विचारतोय, गाडीत नक्की दोष काय आहे. दोष आहे म्हणालात तर उद्याच भंगारवाला दारात उभा राहील. आणि नाही म्हणालात तर... तो लाइनवर आहे, हात ठेवलाय मी फोनवर. काहीतरी सांगा ना, एखादा नट सैल होता, आवळला म्हणा —

नको. खरंच सांगा. गाडी ठणठणीत आहे, नुसती उभी राहून राहून बिघडली, असं सांगा. कुठे उभी असते, का उभी असते, हे काही तो विचारणार नाही. नाही विचारत तो.

घ्या.