बंट्याची शिक्षा

हसू नका, पण आमच्या मावशीच्या बंट्याची सरकारी नोकरी एका शब्दापायी लटकली! गणपतीत आमच्या मामासंगं रस्ता अडवून डीजेपुढे नाचला, म्हणून पोलिसांनी त्याच्या एकट्यावर केस केली होती. तेव्हापासून मावशीचा एकच धोशा, "पोट्ट्याले शिक्षा झाली तर नोकरी गेली!"

तेच डोक्यात घेऊन हा छत्तीसगडात, नवा रायपूर शहरात मुलाखतीले गेला. हिंदी त्याले तुमच्या-माझ्यासारखीच येते, पण त्या दिवशी कानात मावशीच बोलून राहिली होती. साहेबांनी आपलं साधं शिक्षण विचारलं, "शिक्षा कहाँ तक हुई?"

बंट्यानं हातच जोडले. "थाने तक, सर. फिर छोड़ दिया."

साहेब हळहळले, "अरे, पूरी क्यों नहीं की?"

बंट्या रडकुंडीले आला, "सर, नाचे तो मामा भी थे!"