इंजिनघराचं कुलूप

जबाब, दिनांक १८ मे १९८१

नाव नरहरी सखाराम सावे, वय ५६ वर्षे, धंदा बागायत व सुकेळीचा (सुकवलेल्या केळ्यांचा) व्यापार, राहणार आगाशी, तालुका वसई, जिल्हा ठाणे.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, काल मी शेजारच्या मटिल्डाबाईंविरुद्ध दिलेल्या तक्रारीत नुकसान दोनशे रुपये लिहिलं आहे. ते रागात सांगितलं. खरं असं : कुलूप नऊ रुपये. कडी वाकली होती ती मीच हातोडीने सरळ केली. डिझेलचे पैसे मटिल्डाबाईंनी आगाऊ भरलेले आहेत. म्हणजे नऊ रुपये.

विहीर चार वाड्यांची सामाईक आहे. इंजिन माझं. डोक्यावर केळीचे घड वाहिले, त्यातून घेतलं. पाण्याच्या पाळ्यांची वही फर्डिनंड मास्तरांकडे असते, ते पाणी समितीचे चिटणीस. मटिल्डाबाई विधवा आहेत, वय साठच्या आसपास. त्यांची पाळी रविवारी चार ते सहा. त्यांची पानवेल आहे आणि घर त्या पानांवरच चालतं. मे महिन्यात एक पाळी चुकली तर वेल माना टाकते.

काल साडेतीनला वाचनालयात वादविवाद होता. विषय, सामान्य माणसाचं भलं समाजवादात की भांडवलशाहीत. तारीख-वेळ मास्तरांनी ठरवली. समाजवादाच्या बाजूने ते, विरुद्ध मी.

मास्तर म्हणाले, "नरहरीशेट, विहीर सगळ्यांची, इंजिन तुमचं. मग पाणी कोणाचं?"

मी म्हणालो, "मास्तर, तुमची समिती इंजिन घ्यायचा ठराव सहा वर्षं करतेय. ठरावाने वाफा भिजतो काय?" लोक हसले.

मास्तर म्हणाले, "तुमच्या दारात शेजारी गिऱ्हाईक होतो."

मी म्हणालो, "गिऱ्हाइकाला चहा तरी मिळतो. तुमच्या सभासदाला इतिवृत्त." पुढे असंही बोललो की, माझी किल्ली इंजिनघराबाहेर खुंटीला असते, ज्याची पाळी त्याने घ्यावी, आठ वर्षांत एका माणसाला माझ्यापायी थांबावं लागलेलं नाही. टाळ्या पडल्या.

इंजिनाचा आवाज वाचनालयापर्यंत येतो. चार वाजले तेव्हा आला नाही. माझे कान चांगले आहेत. मी बोलत राहिलो. सव्वाचारला पाणी प्यायच्या निमित्ताने खिडकीशी गेलो. पावणेपाचला पुन्हा गेलो. मास्तरही घड्याळ बघत होते. एकमेकांना आम्ही काही विचारलं नाही. विषय तोवर रशियात पोचला होता.

पाच वाजता मटिल्डाबाई दारात आल्या. म्हणाल्या, "मास्तर, माझी पाळी चाललीय." मग माझ्याकडे बघितलं. मास्तर म्हणाले, "बाय, बस जरा. तुझ्याच भल्याचं बोलतोय." मी म्हणालो, "पाचच मिनिटं." त्या बसल्या नाहीत. गेल्या.

पाच पंचवीसला इंजिन सुरू झालं. माझं वाक्य अर्धं होतं, ते तसंच टाकून धावलो. मागून मास्तर. कुलूप दगडाने फोडलेलं होतं. मटिल्डाबाई खोरं घेऊन पाणी वळवत होत्या. मी ओरडलो, "ही चोरी आहे!" मास्तर म्हणाले, "बाय, समितीला तरी विचारायचं होतंस." त्या म्हणाल्या, "सहाला बंद करते." सहाला बंद केलं. मी तिथून तडक पोलीस ठाण्यावर आलो.

आज सकाळी उठून आधी त्यांची वाडी बघितली. टोकाच्या दोन ओळींपर्यंत पाणी पोचलं नव्हतं, त्या ओळी गेल्या. बाकी वेल उभी आहे. त्यांना ठाण्यात बोलावू नये. माझी तक्रार नाही.

खुंटीला किल्ली असताना बाईंनी कुलूप का फोडलं, असं साहेबांनी दोनदा विचारलं. त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं.

इथवरचा मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला, मी बोललो तसाच आहे. सही करण्याआधी एवढं वाढवून घ्यावं असं सांगितल्यावरून वाढवलं : रविवारी सकाळी इंजिनाला तेल घालून मी दार लावलं, तेव्हापासून किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.