सोजराचं तोंडी गणित

न्हाई न्हाई, पाव्हणं, तेवढं मातर इचारू नका! नाव इचारा, गाव इचारा, कुलदैवत इचारा, काय पायजे ते इचारा, पर 'म्हातारबा, मेंढरं किती?' हे काय इचारणं झालं का? तुमच्या मोटारीचं चाक फुटलं, ह्या कापूरहोळच्या फाट्यावर तुमी उन्हात बसलाय, टाईम जात न्हाई, समदं कबूल! पर म्हून माज्या मेंढरांचा आकडा? धनगराच्या पोरानं आपली मेंढरं मोजू नयेत, आकडा तोंडातनं काढू नये, दुसऱ्या कुणी काढला तर ऐकू नये. नजर लागती! माज्या चुलत्यानं, चिमाजीनं, एकदा काठीवर खुणा करून मोजली हो... तिसऱ्या दिशी लांडगा वाघरीत, मेंढरं कोंडायच्या जाळीत! म्हून म्या पोरीला ल्हानपणापास्नं शिकवलं, बाई गं, आपलं मेंढरू तोंडवळ्यानं वळखायचं, आकड्यानं न्हाई. आता ह्यात माजं काय चुकलं, तुमीच सांगा.

बसा की वाईच. चाक काय इतक्यात निघत न्हाई.

ती बगा, ती तिकडं बाबळीखाली उभी हाय, खांद्यावर कोकरू घेतल्याली, ती माजी सोजरा. अशी गप दिसती न्हवं? दोन सालामागं तिचं तोंड मिटत नव्हतं! बैलगाडीच्या चाकाला आरे किती, वडाला पारंब्या किती, मार्गासनीपास्नं हितवर मैलाचे दगूड किती... तुमाला सांगतो, डोकं उठायचं! म्या म्हनायचो, 'सोजरे, मेंढरं सोडून काय बी मोज.' तर एकदा रानात आभाळाकडं बगत पडली व्हती, म्हनली, 'आबा, चांदण्या मोजल्या तर चालतंय न्हवं? त्या कुठं आपल्या हायेत!' म्या म्हनलं, मोज बाई. आपल्या न्हाईत त्या मोज.

तर काय झालं, मार्गासनीला रखमाजी पाटलाच्या रानात आमची मेंढरं बसवल्याली, खतासाठी. रानाला लागून शाळा. आत आनंदराव मास्तर पोरास्नी गणित घालायचं, आन पोरं आपली बोटं चोखत बसल्याली, आन खिडकीच्या भायेरनं उत्तर यायचं! एक दिस, दोन दिस, तिसऱ्या दिशी मास्तर छडी घेऊनच भायेर आलं. 'कोण आहे रे तो? कोण बोललं?' भायेर बगत्यात तर काय, ही एवढीशी पोर, आन तिच्या शेजारी एक शेळी. मास्तर क्षणभर शेळीकडंच बगत राहिलं हो!

मग काय, मास्तरांनी माजा पिच्छाच पुरवला. 'हरिबा, हिला शाळेत घाल. हरिबा, हे डोकं वाया जाऊ देऊ नकोस. हरिबा, अरे, वीस वर्षं शिकवतोय, असं पोर पाहिलं नाही.' म्या म्हनलं, मास्तर, पोरीच्या जातीला कशाला? तर तिची आय, भागूबाई, जी जलमात माज्याम्होरं बोलली न्हाई, ती म्हनली, 'जाऊ द्या की तिला.' एवढंच. पर असं म्हनली, की म्या दोन सालं बिऱ्हाड मार्गासनीलाच ठेवलं आन मेंढरामागं एकटा हिंडलो. दोन सालात चार यत्ता, बगा!

आन एक दिस मास्तर धावत, धोतराचा सोगा हातात, रानात आलं. भोरात म्हनं पुण्याच्या कुणा शेटजीनं खास वर्ग काढलाय. चौथीच्या पुढली तीन सालं. ह्या डोंगरातली निवडक बारा पोरं घ्यायची, जेवणखाण, ऱ्हाणं समदं फुकाट. आन शिकवणार काय? म्या इचारलं तर मास्तर डोळं मिटून सांगाय लागलं, 'पाठांतर नाही, हरिबा! डोक्याला घाम फोडणारी गणितं, इंग्रजी, देशोदेशींचे नकाशे... आणि मोठी दुर्बीण, तिच्यातून चांदण्या बघायच्या!' झालं! चांदण्या म्हनल्याबरोबर पोरगी तिथंच उडी मारून उभी राहिली. त्या दिसापास्नं दुसरी गोष्ट न्हाई. जेवताना दुर्बीण, न्हाताना दुर्बीण, वाघरीला खुट्ट्या ठोकताना दुर्बीण.

मास्तर रोज सांजचं तयारी करून घ्यायचं. पर मानूस शेरगावचा, त्येंची समदी गणितं आंब्यांची! एका आंबेवाल्याकडं इतकं आंबं, त्यातलं इतकं नासलं, इतकं चोरीला गेलं... म्या ऐकून ऐकून म्हनलं, मास्तर, ह्या आंबेवाल्याचं एक दिस तरी बरं होऊ द्या की! पोरगी हसत सुटायची.

परीक्षेच्या दिशी मास्तर, म्या आन सोजरा, ह्याच फाट्यावरनं मोटारीनं भोराला. पैल्यांदाच मोटारीत बसलो, म्या डोळं झाकून देवाचं नाव घेतोय आन ही चाकाचं फेरं मोजतीया! सकाळी तिथल्या एका मोठ्या वाड्यात लेखी झाली. अट्ठेचाळीस पोरं, त्यात दोन पोरी. दुपारी फळ्यावर नावं लागली. मास्तरांनी वाचलं आन माजा दंड असा धरला, असा धरला, की आठ दिस निळा व्हता. पैला नंबर! माज्या सोजराचा! मला म्हनलं, 'आता फक्त तोंडी. तोंडी म्हणजे नुसता उपचार, हरिबा. दारात बस आणि गप्प बस.'

गप बस म्हनलं व्हतं हो मला. तेवढंच सांगितलं व्हतं.

परीक्षकसाहेब लई देवमानूस. म्या त्येला नावं ठेवनार न्हाई. पोर बावरलीया हे बगून त्यो गोड आवाजात म्हनला, 'घाबरू नकोस, बाळ. धनगराची ना तू? मग तुझ्या ओळखीचंच गणित घालतो.' ओळखीचं! आरं देवा! म्हनला, 'समज, तुझ्या वडिलांची एकशेवीस मेंढरं आहेत...'

आकडा! माज्या मेंढरांचा आकडा! 'त्यातला आठवा हिस्सा लांडग्यानं नेला...' ऐका, ऐका! भरल्या दुपारी, देवावानी मानूस, आन माज्या मेंढरांवर लांडगा सोडतोय! 'उरलेल्यातला तिसरा हिस्सा रोगानं मेला...' आरं, थांब की बाबा! लांडगा झाला, रोग बी झाला! 'तर बाळ, सांग, तुझ्या वडिलांची मेंढरं किती उरली?'

पोरीनं तोंड उघडलं. म्या बगितलं हो, उत्तर व्हटावर व्हतं तिच्या. आन बोलायच्या आदी तिनं सवयीनं माज्याकडं बगितलं.

आन म्या... म्या ही अशी मान हलवली. न्हाई म्हून. आन हे असं बोट ठेवलं व्हटावर.

मुद्दाम केलं न्हाई! चाळीस सालाची सवय, हात आपला आपण गेला! आता ह्यात माजं काय चुकलं... सांगा की.

पोरीनं तोंड मिटलं. साहेबांनी दोनदा इचारलं, तीनदा इचारलं. पोर जमिनीकडं बगून उभी. मास्तर दारातनं वरडाय लागलं, 'साहेब, आंब्यांचं विचारा! एकदाच, आंब्यांचं विचारा!' साहेब म्हनलं, 'मास्तर, परीक्षा तुमची आहे का तिची?' आन मग हळूच, वाईट वाटून म्हनलं, 'लेखीचं हिनं शेजारच्याचं पाहून लिहिलं असावं.' आन पुढल्या पोराला हाक मारली.

म्या उठून सांगायला पायजे व्हतं. साहेब, पोर हुशार हाय, बाप खुळा हाय, एवढंच बोलायचं व्हतं. पर त्या मोठ्या वाड्यात, त्या पगड्या-टोप्यांम्होरं म्या आपली काठी उचलली आन पोरीला घेऊन भायेर पडलो. मास्तर भायेर आलं, जोत्यावर बसलं आन उपरणं तोंडाला लावून रडलं हो. बापानं रडायचं ते मास्तर रडलं.

येताना मोटारीत म्या इचारलं, 'सोजरे, उत्तर येत व्हतं का गं?' 'व्हय, आबा.' 'मग?' 'तुमी न्हाई म्हनला न्हवं?' रागानं न्हाई हो म्हनली, सादं म्हनली! म्या म्हनलं, 'बरं, आता सांग. किती व्हतं?' तर माजीच समजूत काढत म्हनली, 'असू द्या, आबा. आपली हायेत न्हवं ती.'

आजवर मला त्याचं उत्तर ठावं न्हाई... अहो, तुमी बोटांवर काय मोजताय? ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या! मला तुमच्याकडनं ऐकायचं न्हाई ते.

पुढल्या साली शेटजी वारलं, खास वर्ग मिटला. मास्तरांची बदली झाली. जाताना तिला पाटी देऊन गेलं, ती आमच्या पिठाच्या डब्यावर झाकण म्हून हाय. ती बी तिनंच ठेवली. येत्या वैशाखात तिचं लगीन, शिवऱ्याच्या वरल्या वाडीला. पोरगा बरा हाय, मेंढरं राखतो.

आन माजी मेंढरं इचाराल तर सुखरूप! दोन सालात लांडगा आला न्हाई, रोग आला न्हाई. अंगावर लोकर बगा कशी चढलीया! एक सुदीक गमावलं न्हाई म्या... मेंढरू.

म्या तिला लई म्हनलो हो. माळावर न्हेऊन म्हनलो, 'सोजरे, मोज! मोठ्यानं मोज, समद्या लांडग्यास्नी ऐकू जाऊ दे, हायेत तेवढी मरू देत!' नुसती बगती. आता चांदण्या बी मोजत न्हाई. वाघरीपाशी पडती ती कूस बदलून झोपती.

खोटं वाटतंय? थांबा. सोजरे! ए सोजरे! हितं बग! ह्या पाव्हण्यांस्नी सांग, आपली मेंढरं किती? ... आगं सांग की! बाप सांगतोय, सांग!

...बगितलं? बगितलं न्हवं, काय केलं? ही अशी मान हलवली. आन हे असं बोट ठेवलं व्हटावर.

जावा आता, तुमचं चाक बसलं वाटतं. आन फुडल्या गावात कुणी इचारलं, त्या फाट्यावरच्या म्हाताऱ्याची मेंढरं किती, तर म्हनावं, त्याला मोजता येत न्हाई, आन जिला येतंय तिला त्यानंच लई चांगलं शिकवलंय.