दोन लाइनी, एकच चर

नाही डॉक्टर, ते माहितीपत्रक ठेवा बाजूला, त्यात सगळ्याच लाइनी गुणी दिसतात — लग्नाच्या स्थळांसारख्या. बसा ना. ती नको, तिचा एक पाय रुसलाय, ही खुर्ची घ्या. तर तुमचं म्हणणं असं, की तुमचं वीस खाटांचं रुग्णालय तिकडे आडगावाला, मोठं रुग्णालय इथे शहरात, मध्ये नव्वद किलोमीटर, आणि तुम्ही काढलेला स्कॅन इथल्या तज्ज्ञाला तिथल्या तिथे दिसायला हवा. मग कुठली लाइन घेऊ — असंच ना? सांगतो. इमारतीच्या आतलं जाळं वेगळं. तार तुमची, उंदराने कुरतडली तर तुम्हीच बदलणार. पण फाटकाबाहेर पडलात, की तार एकाची, जमीन दुसऱ्याची आणि खोदणारा तिसराच. त्या बाहेरच्या जाळ्याला वाइड एरिया म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, गावाला गाव जोडायचं, एवढंच काम.

आता त्यात लीज्ड लाइन म्हणजे तुमच्या दोन इमारतींमधला रस्ता फक्त तुमच्यासाठी राखून ठेवलेला, दुसऱ्याची गाडीच नाही त्यावर. महाग पडते, पण जो वेग कागदावर तोच हातात. साधं ब्रॉडबँड, घरी असतं ते — तो रस्ता अख्ख्या गल्लीचा. संध्याकाळी शेजारपाजारचे सिनेमे बघायला बसले की तुमचा स्कॅन अडकला गर्दीत. त्यावरून कुणाला न दिसता जायचं असेल तर व्हीपीएन करून देतो, म्हणजे रस्ता तोच, गाडीच्या काचा तेवढ्या काळ्या. मग रेडिओ — टेकडीवर एक खांब, तुमच्या गच्चीवर एक खांब, एकमेकांना दिसले पाहिजेत, मध्ये कुणाचं झाड वाढलं की आलं भांडण. सॅटेलाइट आभाळातून येतं, त्याला खोदकाम नको, पण आपलं बोलणं वर जाऊन खाली येईपर्यंत समोरचा हॅलो-हॅलो करून दमतो. स्कॅनला मात्र चालतं, जरा उशिरा का होईना, पोचतो. काय म्हणालात? हो, दोन घ्या, दोनच घ्या, एक पडली की दुसरी आपोआप काम उचलते — पण दोन कंपन्यांच्या घेतल्या म्हणजे झालं, असं नका धरू. त्या जातात कुठून ते विचारा. कुठल्या रस्त्याने, कुठल्या पुलावरून. मी स्वतः चालत जाऊन बघतो, मगच जोडतो. हो, चालत. अहो, नव्वद नाही — गावाजवळचे शेवटचे आठ-दहा किलोमीटर, आणि नदी. हसा खुशाल. सगळेच हसतात.

का म्हणजे — एके ठिकाणी झालं होतं तसं. चौदा वर्षं झाली. तुमच्यासारखंच छोटं रुग्णालय, तुमच्यासारखीच सोय. स्कॅन तिथे काढायचा, इथला मेंदूचा डॉक्टर बघून सांगणार, गुठळी आहे का रक्तस्राव आहे, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही. दोन लाइनी होत्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, कागदावर लिहिलेलं — मार्ग वेगवेगळे. आणि खाली इंजिनिअरची सही. पण नदीवर पूल एकच. दोन्ही लाइनींच्या नळ्या त्याच पुलाच्या कठड्याला बांधलेल्या, आणि पुढे दोन किलोमीटर एकाच चरात शेजारी शेजारी. त्या इंजिनिअरने बघितलं होतं ते. चर उघडाच होता, माती टाकायची राहिली होती. खोदणारा माणूस म्हणालासुद्धा, "साहेब, ह्या दोन्ही इथूनच चालल्यात बरं का." इंजिनिअरने येऊन वरच्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "कंपन्या दोन आहेत ना? मग मार्ग दोन. उद्घाटनाची तारीख ठरलीय, तू सही कर." आणि मी केली.

हो — मीच. आता तोंडातून गेलंच. पाणी घेता का? मला घेऊ द्या जरा.

तर वर्षभर काही झालं नाही. छान चाललं होतं. मी घरी फुशारकी मारायचो, ते मी जोडलंय म्हणून. ताई माझी त्याच गावात राहायची. मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा, हिनेच मला वाढवलं. शाळेत भाषा शिकवायची. आणि बोलायची किती — टीव्हीवरच्या बातमी देणाऱ्यालासुद्धा दुरुस्त करायची, बसल्या जागेवरून ओरडायची त्याच्यावर, "अरे, कर्ता कुठे गेला तुझा?" मी भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सांगून ठेवलं होतं, कधी काही झालं तर शहरात धावू नका, आधी तिथे जा, तिथूनच सगळं होतं. आणि एक दिवस सकाळी साडेनऊला फळ्यावर लिहिता लिहिता ताईचा हात खाली आला. तोंड वाकडं. भाऊजींनी तिला तिथेच नेलं — मी सांगितलं होतं ना. स्कॅन झाला. इकडे पाठवायला सुरुवात झाली, आणि दहा चाळीसला पाण्याची पाइपलाइन टाकणाऱ्या जेसीबीने आमचा चर उचकटला.

मी इथे शहरात कंट्रोल रूममध्ये होतो, दोन्ही लाइनी जोडून सांभाळायचं काम आमच्या ऑफिसचं. समोर पडदा असतो, चालू लाइन हिरवी, बंद लाइन लाल. दोन्ही एकाच क्षणी लाल झाल्या. बाकीचे म्हणाले, मशीन बिघडलं असेल, दोन्ही एकदम कशा जातील? मला माहीत होतं ना कशा गेल्या. मोबाइलचे टॉवरही त्याच केबलवर, तेही मेले. राहिली रुग्णालयातली जुनी टेलिफोनची तांब्याची तार. तिच्यावरून आवाज जातो, स्कॅन नाही जात — म्हणजे जाईल, दोन दिवसांनी. त्या तारेवरून भाऊजींचा फोन आला. "तुझ्या ताईला आणलंय रे. स्कॅन जात नाही म्हणतात. डॉक्टर विचारतायत, थांबायचं की गाडीत घालून शहरात न्यायचं? तू सांग, लाइन कधी येईल?"

साहेब माझ्या मागे उभे होते. मी म्हणालो, "अर्ध्या तासात येईल, भाऊजी. थांबा."

आम्ही सगळ्यांना तेच सांगायचो हो, अर्धा तास. जिभेला सवय. आणि माणसं निघाली होती दुरुस्तीला, मलाही वाटत होतं, होईल. नाही — खोटं नाही बोलत. मला नव्हतं वाटत. दोन केबली तुटलेल्या, चरात पाणी, जोडायला चार तास लागणार हे मला कळत होतं. पण "आज येणार नाही, निघा" म्हणालो असतो, तर मागून साहेबांनी विचारलं असतं, दुसरी लाइन आहे ना? आणि मग तो कागद निघाला असता. त्याच्यावर सही कुणाची? साडेअकराला पुन्हा फोन. मी पुन्हा अर्धा तास. सव्वाबाराला पुन्हा. तुम्हाला मी काय सांगायचं — झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत ते इंजेक्शन द्यावं लागतं. दोनपर्यंत वेळ होता. रस्ता दोन तासांचा. पहिल्या फोनला निघा म्हणालो असतो तर एक वाजायच्या आत पोचली असती ती. लाइन आली चार वाजून दहा मिनिटांनी. टाळ्या वाजवल्या आमच्या लोकांनी.

वाचली. तेरा वर्षं जगली की, गेल्या वर्षी गेली. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळे शब्द गेले, एक राहिला — "हो." भूक लागली? हो. लागली नाही? हो. टीव्हीवर तो चुकीचं बोलायचा, ही नुसती बघत बसायची. आणि भाऊजी — ते तर आल्यागेल्याला सांगायचे, ह्याने त्या दिवशी किती धडपड केली, प्रत्येक फोन पहिल्या रिंगला उचलला ह्याने. अजून सांगतात. मी ऐकून घेतो. नोकरी सोडली, हे दुकान टाकलं, त्यांना वाटतं ताईला वेळ देता यावा म्हणून.

एकदा भाऊजी औषधं आणायला गेले होते. मी ताईच्या पलंगाशी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पूल, चर, सही, साहेब, तिन्ही अर्धे तास. ती बघत होती माझ्याकडे. मी म्हटलं, "ताई, राग आलाय ना तुला माझा?" म्हणाली, "हो." मी म्हटलं, "मला माफ करशील?" म्हणाली, "हो." मग डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला — की नुसता पडला तो, तेही कळलं नाही.

डॉक्टर, तुम्हाला ठाऊक असेल. अशा माणसांना आपलं बोलणं समजत असतं का हो? म्हणजे शब्द नसतात, पण आत सगळं कळत असतं, की —

नको. राहू द्या. सांगू नका. मंगळवारी सकाळी येतो मी तुमच्या गावाला, चालायचे बूट घालून या. निघा आता, उशीर होईल तुम्हाला. दार नुसतं लोटून घ्या.