साठावं मूल

...आणि वर हे मलाच सांगतात, नवस करताना नीट विचार करून करावा. अहो, नीट म्हणजे कसा? तुम्हाला सांगते, आयुष्यभर देव ऐकत नाही म्हणून रडले, आणि आता भीती वाटते ती देव ऐकेल याची.

आमची लेक लहान मुलांची सर्जन. चौदा वर्षं शिकली, शिकता शिकता केस पिकले, आणि लोकांना वाटतं लहान मुलांचा सर्जन म्हणजे सर्जनांमधला लहान. पगारही तसाच. मोठ्या माणसाच्या पित्ताशयाला पाऊण तास, त्याचे दुप्पट पैसे. हिच्यापुढे दोन दिवसांचं बाळ, तळहाताएवढं पोट, केसाहून बारीक दोरा, चार चार तास उभी... शेजारीण विचारते, "अजून तिकडे शहरात भाड्याच्याच खोलीत का हो ती? आमचा मुलगा त्वचेचा डॉक्टर, घरावर दुसरा मजला चढवतोय." चढवू दे बाई. पुरळ काय, सगळ्यांनाच येतं.

सहा महिन्यांपूर्वी हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांनी हिला बोलावलं. काचेचं टेबल, मऊ आवाज. "डॉक्टर, कामाबद्दल प्रश्नच नाही, पण आकडा जमत नाही. सहा महिन्यांत साठ ऑपरेशनं झाली तर जागा कायम. नाहीतर... तुम्ही समजूतदार आहात." दुसरीकडे जागा कुठे? जिथे आहे तिथे तिचेच सर बसलेत, आणि त्यांची तब्येत अगदी ठणठणीत.

मग मी आईनं करायचं तेच केलं. आंघोळ करून देवापुढे बसले, वर्षभरासाठी गोड सोडलं आणि म्हटलं, "देवा, लेकीच्या दारात रांग लागू दे." उठले, गॅसवर दूध ठेवलं, आणि तिथंच ध्यानात आलं. रांग कुणाची? आजारी मुलांचीच ना?

तशीच परत बसले. "देवा, नवी नकोत, आधीच आजारी असतील तीच इकडे वळव..." हे पेपराआडून म्हणाले, "वकील बघू का? कलमं वाढायला लागली." यांना काय, थट्टा सुचते. देव ऐकेल याची भीती मलाच.

आणि ऐकलं की हो त्यानं! "आई, आज हर्निया." "आई, आज आतडं अडकलेलं." मी कॅलेंडरवर टिंब काढायची आणि प्रत्येक टिंबाला हात जोडून माफी मागायची. मागच्या आठवड्यात एक दिवसाचं बाळ आलं, अन्ननलिका अर्धवट, थुंकीसुद्धा गिळता येईना. मी फोनवरच रडायला लागले, माझ्यामुळे झालं गं. लेक म्हणाली, "आई, ती नळी आईच्या पोटात दुसऱ्या महिन्यातच राहून जाते. तुझा नवस त्यानंतरचा." म्हटलं, देवाचं काय सांगावं, तो आगाऊच ऐकतो. तिनं फोन ठेवला आणि ती ऑपरेशनला गेली.

बाळ वाचलं. काल त्यानं पहिल्यांदा तोंडानं दूध घेतलं. ते एकोणसाठावं.

आज मुदतीचा शेवटचा दिवस. सकाळीच फोन, आवाज मुद्दाम हलका ठेवलेला. "आई, एकच कमी आहे. एखादं अपेंडिक्स आलं तरी..." आणि मग तीच म्हणाली, "जाऊ दे. काय बोलतेय मी."

हेसुद्धा पेपर ठेवून म्हणाले, "बस ना देवापुढे. एकच तर मागायचंय. साधं अपेंडिक्स, चार दिवसांत पोर खेळायला लागतं."

बसले. डोळे मिटले तर कुणाची तरी आई दिसली, कळवळणारं मूल कडेवर घेऊन भर रस्त्यात गाडी शोधत उभी... ते अपेंडिक्स काही मागवेना. तुम्हाला सांगते, इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. त्यानं ऐकलं तर? शेवटी म्हटलं, "देवा, आज सगळी मुलं धडधाकट राहू देत. सगळी. रात्री बारापर्यंत तरी."

उठले, वरची खोली झाडली, गादीवर धुतलेली चादर घातली. यांनी विचारलं, "काय मागितलंस?"

म्हटलं, "लेकीला घरी बोलावलंय."